अस्तित्वच नाकारून मिळालेली निर्दोषता : एडिंबरा येथील दोन शिक्षिकांचे प्रकरण (१८१०–१८१९)

नोव्हेंबर १८१० मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरातील मुलींची एक निवासी शाळा अवघ्या दोन दिवसांत रिकामी झाली. शाळा चालवणाऱ्या दोन अविवाहित शिक्षिकांचे एकमेकींशी शरीरसंबंध आहेत, असे एका विद्यार्थिनीने आपल्या आजीला सांगितले होते, आणि आजीने शिक्षिकांना एका शब्दानेही न विचारता इतर पालकांना सावध केले होते. शिक्षिकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो आधी हरला, मग जिंकला, पुढे लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (ब्रिटिश संसदेचे वरिष्ठ सभागृह, जे त्या काळी अपिलाचे अंतिम न्यायालयही होते) गेला आणि १८१९ मध्ये शिक्षिकांच्या बाजूने कायम झाला. कागदावर त्या निर्दोष ठरल्या. पण त्यांना निर्दोष ठरवताना काही न्यायाधीशांनी स्त्रियांमध्ये असे प्रेम असूच शकत नाही या गृहीतकाचा आधार घेतला, आणि ही कल्पना मुलीच्या डोक्यात आली तरी कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी थेट हिंदुस्थानात शोधले. या दोन गोष्टींसाठी हे प्रकरण मराठी वाचकापुढे तपशिलाने मांडावेसे वाटते.

दोन्ही शिक्षिकांची आणि प्रतिवादी बाईंची नावे दाव्याच्या शीर्षकातच असल्यामुळे ती येथे दिली आहेत. आरोप करणारी मुलगी, दुसरी साक्षीदार विद्यार्थिनी आणि शाळेतील मोलकरीण यांची नावे कागदोपत्री असली तरी मुद्दाम गाळली आहेत, कारण त्या तिघींपैकी कोणीही स्वतःच्या इच्छेने न्यायालयाची पायरी चढली नव्हती.

पार्श्वभूमी

मॅरिअन वुड्स आणि जेन पिरी या दोघी त्या वेळी तिशीच्या आसपास होत्या. वुड्सबाईंचे काका एडिंबराच्या रंगभूमीवरील नावाजलेले नट होते आणि वुड्सबाईंना लंडनमध्ये मुलींच्या शाळेत शिकवण्याचा अनुभव होता. पिरीबाई धार्मिक वळणाच्या सामान्य घरातल्या. त्यांनी श्रीमंतांच्या घरी राहून तेथील मुलींना शिकवण्याची नोकरी केली होती. अशा घरगुती शिक्षिकेची स्थिती फार अवघडलेली असे, कारण शिक्षणामुळे ती नोकरांच्या पंगतीत बसत नसे आणि पगारामुळे कुटुंबाच्या पंगतीतही तिला स्थान नसे. शिवाय मुली मोठ्या झाल्या की नोकरी संपे. लग्न न करता स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला शाळा काढणे हा त्या काळी जवळपास एकमेव अब्रूचा मार्ग होता. या दोघींनी साठवलेला पैसा एकत्र केला आणि १८०९ मध्ये शहराच्या पश्चिमेकडील ड्रमशू भागात शाळा सुरू केली.

त्यांची मैत्री शाळेपेक्षा कितीतरी जुनी होती आणि ती भावनेने ओथंबलेली होती, हे न्यायालयातील कागदांवरूनच दिसते. पिरीबाईंनी वुड्सबाईंना एक बायबल भेट दिले होते आणि त्यावर लिहिलेल्या अर्पणाचा आशय असा होता की, तुझी मैत्री मिळत असेल तर ईश्वराची वगळता बाकी सगळी मैत्री मी सोडून देईन. दोघींमध्ये कडाक्याची भांडणेही होत. वुड्सबाईंची विधवा काकू शाळेत राहात होती आणि घरखर्च, व्यवस्था व अधिकार यांवरून पिरीबाईंचे तिच्याशी सतत खटके उडत. आपल्यापेक्षा काकूचे ऐकले जाते, ही पिरीबाईंची तक्रार होती. केवळ धंद्यातील भागीदारांची भांडणे इतकी जिव्हारी लागत नाहीत, असे माझे मत आहे.

तेवढ्यावरून त्या काळी कोणी संशय घेत नसे. स्त्रियांनी एकमेकींना उत्कट पत्रे लिहिणे, एका बिछान्यात झोपणे, आयुष्यभर एकत्र राहण्याच्या शपथा घेणे हे सभ्य समाजात कौतुकाचे मानले जाई. एलिनर बटलर आणि सेरा पॉन्सन्बी या दोन उच्चकुलीन आयरिश स्त्रिया १७८० पासून वेल्समधील लँगोलेन येथे एकत्र राहात होत्या आणि त्यांच्या घरी कवी, सरदार आणि सेनानी आवर्जून जात. मात्र ही मान्यता एका अलिखित अटीवर होती : त्या प्रेमाला शरीर असल्याचा उच्चार कोणी करायचा नाही. उच्चार झाला की तीच पत्रे आणि तोच बिछाना पुरावा होऊन उभा राही.

शाळेला प्रतिष्ठा मिळाली ती डेम हेलन कमिंग गॉर्डन या सरदार घराण्यातील वृद्ध बाईंमुळे. त्यांनी आपली नात या शाळेत घातली आणि ओळखीच्या घरांतही शाळेची शिफारस केली. ही नात त्यांच्या दिवंगत थोरल्या मुलाची. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता. मुलीची आई हिंदुस्थानी होती आणि आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलीला स्कॉटलंडला आणले गेले आणि आधी तिला एखादा हातव्यवसाय शिकवून मार्गी लावावे, असे ठरले होते. पुढे आजीचे मन बदलले आणि तिने नातीला घराण्याची मुलगी म्हणून वाढवायचे ठरवले. सरदारांच्या गोऱ्या मुलींच्या शाळेत ही सावळी, अनौरस मुलगी आजीच्या शब्दाच्या बळावर शिकत होती आणि तो शब्द फिरला तर आपले काय होईल, हे तिला नक्कीच ठाऊक असणार.

पेच

शाळेत मुली आणि शिक्षिका एकाच बिछान्यात झोपत. जागेची टंचाई आणि थंडी यांमुळे ही तेथील सर्वसाधारण पद्धत होती. पिरीबाई एका खोलीत या नातीसोबत आणि वुड्सबाई दुसऱ्या खोलीत आणखी एका विद्यार्थिनीसोबत झोपत. नोव्हेंबर १८१० मध्ये आजीकडे गेलेल्या नातीने सांगितले की, रात्री एक शिक्षिका दुसरीच्या बिछान्यात येते आणि आपल्याला झोपेतून जाग येते ती त्यांच्या बोलण्याने आणि हालचालीने. मुलीचे वय तेव्हा पंधरा-सोळा होते.

प्रकरणातील पहिला आणि सर्वांत घातक निर्णय येथे झाला. डेम हेलन यांनी नातीला शाळेतून काढलेच. पण त्याबरोबर इतर कुटुंबांनाही मुली ताबडतोब घरी आणण्याचा सल्ला दिला आणि कारण मात्र शिक्षिकांना सांगितले नाही. गाड्या येत राहिल्या, पेट्या उतरत राहिल्या, आणि आपण काय केले आहे हे त्या दोघींना कळेना. त्यांनी पत्रे लिहून कारण विचारले. उत्तर मिळाले नाही. आरोपाचे स्वरूप त्यांना अखेर दुसऱ्या एका पालकाकडून समजले.

आजीची भीती खोटी होती, असे म्हणता येणार नाही. आपल्या ताब्यातील मुलीने असे काही सांगितल्यावर तिला त्या घरातून बाहेर काढणे कोणत्याही काळात समर्थनीय आहे. चूक त्यापुढची आहे. मुलीचे ऐकून घेणे आणि मुलीचे म्हणणे सिद्ध झाले असे धरून चालणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि डेम हेलन यांनी त्या दोन्ही एकाच दिवसाच्या कामात उरकल्या. सरदार घराण्यातील बाईंचा शब्द हाच त्या समाजात निकाल होता.

शिक्षिकांपुढील पर्याय

दोघींपुढे चार वाटा होत्या आणि त्यांतील एकही सुरक्षित नव्हती. पहिली वाट म्हणजे शहर सोडून दुसरीकडे वेगवेगळ्या नावांनी नोकरी शोधणे. पण शिक्षिकेला शिफारसपत्राशिवाय नोकरी मिळत नसे, आणि ते पत्र देणारी माणसे हीच होती, ज्यांनी मुली काढून नेल्या होत्या. शिवाय पळून जाणे ही कबुलीच मानली गेली असती. दुसरी वाट मध्यस्थीची : एखाद्या धर्मगुरूमार्फत किंवा वकिलामार्फत डेम हेलन यांच्याकडून खाजगीत माघार मिळवणे. आजी भेटायलाच तयार नसल्यामुळे ती वाट बंद झाली. तिसरी वाट दोघींनी एकमेकींपासून दूर होण्याची, म्हणजे एकीने शाळा सोडावी आणि दुसरीने ती पुढे चालवावी. ती त्यांनी पत्करली नाही. चौथी वाट न्यायालयाची.

न्यायालयात जाण्यातील धोका त्या काळच्या जाणत्यांना ठाऊक होता. १७९० मध्ये एका वृत्तपत्राने लँगोलेनच्या त्या दोन स्त्रियांबद्दल सूचक मजकूर छापला, तेव्हा त्यांनी संसदपटू आणि विचारवंत एडमंड बर्क यांचा सल्ला घेतला होता. बर्क यांनी सहानुभूती दाखवली, पण कायद्याने दाद मिळण्याची फारशी आशा नाही, असे कळवले, आणि त्या गप्प राहिल्या. त्यांना ते परवडले, कारण त्यांच्यामागे कुळाचे नाव होते आणि पोटासाठी त्यांना मुली शिकवाव्या लागत नव्हत्या. वुड्सबाई आणि पिरीबाई यांचे उत्पन्नच त्यांच्या नावावर अवलंबून होते. नाव गेल्यावर गप्प बसून वाचवायचे असे काही त्यांच्याजवळ उरले नव्हते. त्यांनी डेम हेलन यांच्यावर दहा हजार पौंडांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. या निर्णयाचे धैर्य आज सहज लक्षात येत नाही. ज्या आरोपाचा उच्चारही कोणी सभ्य माणूस करत नसे, तो आरोप या दोन शिक्षिकांनी स्वतःच्या दाव्यात स्वतःच नोंदवून घेतला होता.

न्यायालयात

दावा एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशन या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात सात न्यायाधीशांपुढे चालला. स्कॉटलंडमध्ये दिवाणी दाव्यांसाठी ज्यूरीची पद्धत १८१५ मध्ये आली. त्यामुळे येथे पुरावा ऐकणारे आणि निकाल देणारे सगळे न्यायाधीशच होते. सुनावणी बंद दाराआड झाली आणि छापलेले कागद बाहेर जाऊ नयेत, म्हणून काळजी घेण्यात आली. ही गुप्तता अशिलांच्या अब्रूसाठी होती, तशीच ती इतर स्त्रियांना अशा गोष्टीची कल्पनाही येऊ नये यासाठी होती.

डेम हेलन यांच्या वकिलांनी दोन बचाव मांडले. आपल्या अशिलाने इतर पालकांना सावध केले ते कर्तव्यबुद्धीने, हा पहिला. आणि सांगितलेली गोष्ट खरी आहे, हा दुसरा. दुसरा बचाव घेतल्यामुळे आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी प्रतिवादीवर आली. मुख्य साक्षीदार नातच होती. दुसऱ्या खोलीतील विद्यार्थिनीने तिला काही अंशी दुजोरा दिला; पण तिला स्वतःला काय कळले होते आणि नंतर इतरांच्या बोलण्यातून काय उमजले होते, हे वेगळे काढणे कठीण होते. शाळेतील मोलकरणीने कुलपाच्या भोकातून काही पाहिले, अशी गोष्ट सांगितली जात होती. मोलकरणीने तसे सांगितल्याचे नाकारले, आणि त्या दारातून तसे काही दिसणे शक्यच नव्हते, असाही मुद्दा पुढे आला.

शिक्षिकांच्या बाजूने दिलेले स्पष्टीकरण अगदी साधे होते. एकीला संधिवाताचा त्रास होता आणि दुसरी तिचे अंग चोळून देई. दिवसभर मुलींपुढे बोलता न येणारी भांडणे आणि त्यानंतरच्या समजुती रात्रीच होत. हे स्पष्टीकरण खरेही असू शकते. दोघींमध्ये शरीरसंबंध होता की नव्हता, हे या कागदांवरून ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याचा हट्ट आजच्या अभ्यासकानेही धरू नये, असे मला वाटते. प्रेम होते, हे मात्र त्या बायबलवरच्या ओळीतून आणि त्या भांडणांतूनही दिसते.

न्यायाधीशांसमोर निर्णयाच्या दोन पद्धती होत्या. एक अशी : प्रतिवादीने आरोप सिद्ध करायला हवा होता, पुरावा अपुरा आणि परस्परविसंगत आहे, म्हणून दावा मान्य. दुसरी अशी : सभ्य, धार्मिक, ब्रिटिश स्त्रियांच्या हातून असे घडणेच अशक्य आहे, म्हणून आरोप खोटा. पहिल्या पद्धतीसाठी न्यायाधीशांना स्त्रियांच्या स्वभावाबद्दल काहीच बोलावे लागले नसते. पण त्यांतील काहींनी दुसऱ्या पद्धतीवर फार भर दिला. मैत्रिणीसोबत एका बिछान्यात झोपली म्हणून स्त्रीला दोषी धरायचे तर स्कॉटलंडमध्ये निर्दोष स्त्री उरणार नाही, असे एका न्यायाधीशाने म्हटले. आणि ज्या अपराधाचा येथे आरोप आहे, तो मुळात अस्तित्वातच नाही, असेही मत नोंदवले गेले.

ज्या वर्षांत हे बोलले जात होते, त्याच वर्षांत यॉर्कशायरमध्ये ॲन लिस्टर नावाची जमीनदार स्त्री रोजनिशी लिहीत होती. जवळपास पन्नास लाख शब्दांच्या त्या रोजनिशीचा सुमारे सहावा भाग तिने स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत लिहिला आणि त्यात स्त्रियांवरील आपले प्रेम, त्यातील शरीरसुख आणि मत्सर हे सगळे नोंदवले. न्यायाधीशांनी अशक्य ठरवलेली गोष्ट घोडागाडीच्या थोड्याशा दिवसांच्या अंतरावर रोज घडत होती आणि रोज लिहिली जात होती. ती लिपी पुढे १८९० च्या दशकापर्यंत बाहेरच्या कोणाला उलगडली नाही.

जून १८११ मध्ये सात न्यायाधीशांपैकी चार शिक्षिकांच्या विरुद्ध गेले आणि तीन बाजूने. म्हणजे एवढा सगळा अशक्यतेचा युक्तिवाद होऊनही त्या हरल्या. येथे दोघींना पुन्हा निर्णय घ्यावा लागला. पैसे संपले होते, शाळा गेली होती, आणि पराभवामुळे आरोप आता न्यायालयाच्या मताने खरा ठरला होता. त्यांनी फेरविचाराची मागणी केली. मधल्या काळात पीठावरील काही न्यायाधीश बदलले आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये तेच पारडे चार विरुद्ध तीन असे उलट बाजूला झुकले. पुरावा तोच होता. निवृत्ती, मृत्यू आणि नव्या नेमणुका यांनी दोन स्त्रियांचे चारित्र्य ठरवले.

हिंदुस्थानाकडे दाखवलेले बोट

असे काही घडतच नाही, ही भूमिका घेतल्यावर एक अडचण उरत होती : मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ही कल्पना सुचली कशी? याचे उत्तर शिक्षिकांच्या बाजूने आणि त्यांच्या बाजूने मत देणाऱ्या न्यायाधीशांपैकी लॉर्ड मेडोबँक यांनी मुलीच्या जन्मभूमीत शोधले. तिचे बालपण हिंदुस्थानात गेले, तेथील दायांच्या आणि नोकराणींच्या तोंडून अशा गोष्टी तिच्या कानावर पडल्या असतील, आणि त्याच तिने शुद्ध ब्रिटिश शिक्षिकांवर लादल्या, असा तो तर्क होता. पूर्वेकडील स्त्रिया एकत्र कोंडल्या जातात आणि त्यांच्यात असे प्रकार चालतात, ही प्रवासवर्णनांतून आलेली समजूत त्याला आधार म्हणून पुरेशी ठरली. मुलगी हिंदुस्थानातून आली तेव्हा अगदी लहान होती आणि नंतरची सगळी वर्षे तिने स्कॉटलंडमधील शाळांत आणि घरांत काढली होती, याला त्या तर्कात वजन मिळाले नाही.

या प्रकरणातील ही सर्वांत क्लेशदायक वळणाची जागा आहे. दोन दुर्बल स्त्रियांना वाचवण्यासाठी तिसऱ्या, त्यांच्याहूनही दुर्बल मुलीचे रक्त आणि वर्ण वापरले गेले. शिक्षिकांच्या वकिलांना हा मार्ग सोयीचा वाटला यात आश्चर्य नाही; समोरच्या बाजूला सरदार घराणे होते आणि त्या घराण्यातील एकमेव असुरक्षित व्यक्ती ही नातच होती. मुलीने सूडापोटी बनाव रचला, असे मांडायला आणखीही कारणे दाखवता आली असती, आणि दाखवली गेलीही : पिरीबाई शिस्तीच्या कडक होत्या आणि मुलीला शिक्षा झाल्या होत्या. तेवढ्यावर थांबता आले असते.

जवळपास १९० वर्षांनी या तर्काची नेमकी उलटी आवृत्ती मुंबईत ऐकू आली. डिसेंबर १९९८ मध्ये दोन जावांच्या प्रेमावरील चित्रपटाचे खेळ मोडतोड करून बंद पाडले गेले, तेव्हा असे प्रेम आपल्या संस्कृतीत नसते, ती पाश्चात्त्यांची आयात आहे, असा दावा होता. एडिंबराच्या न्यायाधीशांनी जे हिंदुस्थानाच्या माथी मारले, तेच येथील निदर्शकांनी परत पश्चिमेकडे पाठवले. इतर स्त्रियांना अशा गोष्टीची कल्पनाही येऊ नये, ही एडिंबराच्या न्यायालयाची भीती पुढे ब्रिटिश संसदेलाही होती. १९२१ मध्ये स्त्रियांमधील संबंध गुन्हा ठरवण्याचे कलम कॉमन्स सभागृहाने मंजूर केले, पण लॉर्ड्सनी ते फेटाळले. ते उदारपणाने नव्हे, तर कायद्यात उल्लेख झाला तर ज्या स्त्रियांनी हे कधी ऐकलेलेही नाही, त्यांना ते कळेल, या विचाराने.

फलित

डेम हेलन यांनी १८१२ चा निकाल मान्य केला नाही. त्यांच्याकडे पैसा आणि वेळ होता आणि अपील करण्याचा त्यांचा निर्णय खर्चिक असला तरी त्यांना झेपणारा होता. हाउस ऑफ लॉर्ड्सनी जुलै १८१९ मध्ये ते अपील फेटाळले. त्यानंतर भरपाईच्या रकमेवर घासाघीस झाली. मागितलेल्या दहा हजार पौंडांच्या तुलनेत हाती आलेली रक्कम फारच थोडी होती आणि तिचा मोठा वाटा वकिलांच्या देण्यांत गेला.

शाळा पुन्हा उघडली नाही. वुड्सबाई लंडनला गेल्या आणि तेथे त्यांना शिकवण्याचे काम मिळाले. पिरीबाई एडिंबरातच राहिल्या आणि त्यांना काम मिळणे अशक्य झाले. एकमेकींसोबत राहता यावे म्हणून ज्यांनी शाळा काढली आणि एकमेकींपासून दूर होण्याची वाट नाकारून ज्या न्यायालयात गेल्या, त्या दोघी दाव्याच्या काळातच वेगळ्या झाल्या. त्या पुन्हा एकत्र राहिल्या असत्या, तर जिंकलेला निकालही लोकांनी मानला नसता. नातीचे पुढे एका शाळामास्तराशी लग्न झाले.

वेगळे काय करता आले असते

डेम हेलन यांना नात काढून घेऊन, शिक्षिकांना आरोप सांगून, एखाद्या तिसऱ्या विश्वासू व्यक्तीकडून चौकशी करून घेता आली असती. इतर मुलींच्या काळजीपोटी घाई केली, असे म्हटले तरी दोन-चार दिवसांची चौकशी आणि कायमचा सर्वनाश यांत मोठे अंतर आहे. आज शाळेत किंवा वसतिगृहात अशी तक्रार आली, तर तक्रार करणाऱ्या मुलीला तेथून हलवणे, तिचे म्हणणे एकदाच आणि जाणत्या व्यक्तीने नोंदवून घेणे, आणि आरोप असलेल्यांना तो लेखी कळवणे या तीन गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी करायच्या असतात. १८१० मध्ये त्या तिन्हींची सत्ता एका आजीच्या हाती होती.

शिक्षिकांच्या हातात एक गोष्ट होती. मुलींनी शिक्षिकांच्या बिछान्यात झोपण्याची पद्धत रूढ असली, तरी मोठ्या माणसांची भांडणे आणि जवळीक मुलीच्या शेजारी होऊ देणे योग्य नव्हते, आणि हा दोष दोघींमध्ये शरीरसंबंध असो वा नसो, तसाच राहतो. मुलीची झोप आणि तिची अस्वस्थता खरी होती. अंग चोळणे असो, रडणे असो वा प्रेम असो, तिला ते ऐकावे लागले.

दावा लावण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. लँगोलेनचे मौन या दोघींना शक्य नव्हते. युक्तिवादाची निवड मात्र वेगळी हवी होती. सिद्ध करण्याची जबाबदारी प्रतिवादीवर असताना पुराव्यातील विसंगती दाखवून थांबणे कायद्याने पुरेसे होते. मुलीच्या मातृभूमीचा मुद्दा टाळला असता तर १८१२ मधील ते एक मत कदाचित मिळाले नसते, हा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो बाजूला सारत नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही मोजदादीत धरायला हवे.

न्यायाधीशांना निर्णय देताना स्त्रियांच्या प्रेमाविषयी मत देण्याची गरजच नव्हती. त्यांनी दिले, आणि गुप्ततेचे सगळे प्रयत्न होऊनही ते कागद टिकले. १९३४ मध्ये अमेरिकेत या प्रकरणावर आधारलेले नाटक रंगभूमीवर आले आणि गाजले. त्यात आरोप करणारी मुलगी आहे, पण तिचे हिंदुस्थानी असणे गाळलेले आहे. त्यामुळे कित्येक दशके लोकांना हे प्रकरण माहीत होते ते दोन शिक्षिका आणि एक खोटारडी मुलगी एवढेच. मूळ कागद पुन्हा अभ्यासले गेले तेव्हाच ती कोण होती, कोठून आली होती आणि तिच्या जन्मभूमीचा न्यायालयात कसा वापर झाला, हे चर्चेत आले. हे प्रकरण शिकवताना त्या मुलीला खलनायिका न करता तिसरी पीडित म्हणून मांडले, तर दोन शिक्षिकांवरील अन्याय तसूभरही कमी होत नाही.